टाच

समोरच्या बाईने डावी टाच लाकडी जमिनीवर दोनदा आपटली, हलकेच, टक टक, आणि गुणवंत साबळेला कळलं की आता वार खालून, डावीकडून, बरगडीवर येणार. कळलं म्हणजे विचार करून नव्हे. विचार यायच्या आतच त्याचा हात खाली गेला होता, तलवार आडवी झाली होती, आणि पोलादावर पोलाद आपटल्याचा आवाज त्या तळघराच्या चारी भिंतींवरून फिरून परत आला, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की हा वार आपण शेवटचा अडवला त्याला चाळीस वर्षं झाली. समोर जाळीचा काळा मुखवटा होता. मुखवट्यामागे कोण आहे ते दिसत नव्हतं. दिसायचं कारणही नव्हतं, कारण कोण आहे ते त्याला ठाऊक होतं. इल्दिको, दोन दिवसांच्या शिबिरासाठी आपल्या गुरुजींबरोबर हंगेरीहून आलेली, पस्तिशीची, सकाळी सगळ्यांशी हात मिळवून ओळख करून घेणारी, हसताना पुढचा एक दात किंचित आडवा दिसणारी. पण जाळीमागच्या त्या काळोखात या क्षणी ती नव्हती. तिथे महेशदादा उभा होता, आणि दादा हसत होता. हे त्याला दिसलं नाही, जाणवलं. पाठीमागे कुणी येऊन उभं राहिलं की जाणवतं तसं. त्याने तलवारीचं टोक जमिनीला टेकवलं, हात वर केला आणि लढत थांबवली. मुखवटा काढताना त्याच्या बोटांना पट्टा सापडेना.

"काका, लागलं का? बिल्कुल पांढरे पडलात," परीक्षित धावत आला. हा क्लब त्याचा. आईवडील मराठी, पण तो जन्मला दिल्लीत, वाढला दिल्लीत, आणि आता गुरुग्रामच्या एका काचेच्या इमारतीत आठवडाभर लोकांना सॉफ्टवेअर विकून शनिवार-रविवार एका सोसायटीच्या तळघरातल्या बॅडमिंटन हॉलमध्ये पंधरावीस जणांना तलवार शिकवत असे. त्यांच्यात छप्पन वर्षांचा गुणवंतच सर्वांत मोठा. मंत्रालयात अवर सचिव, राहायला द्वारकेला, गुडघ्याला पट्टा. गुणवंत म्हणाला, काही नाही, दम लागला. तो भिंतीशी खुर्चीवर बसला आणि पाणी प्यायला. त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. हात थरथरत नव्हता. त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. हात खूश होता. ओळखीचं काही सापडल्यासारखा.

दादाला जाऊन चार वर्षं झाली होती. दुसऱ्या लाटेतच गेला, पण करोनाने नव्हे, गावात, गिरणीतच, छातीत कळ येऊन. तेव्हा दिल्लीहून कुणी कुठे जाऊ शकत नव्हतं. अलकावहिनीच्या भाच्याने मोबाईल धरला आणि गुणवंतने सेक्टर बाराच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसून भावाचं शेवटचं दर्शन घेतलं. चेहरा त्या लहानशा पडद्यावर पांढरा दिसत होता. भुवयांना, पापण्यांना, कानाच्या पाळ्यांना पीठ लागलेलं होतं. कुणी पुसलं कसं नाही, असं त्याला वाटलं होतं, आणि मग वाटलं की पुसलं असतं तर आपण ओळखलं नसतं. गेली तीस वर्षं दादा असाच पांढरा होता. दर जानेवारीत तो ज्वारीच्या पिठाचं पोतं घेऊन दिल्लीला यायचा, चार दिवस राहायचा, सोफ्याच्या एका टोकाला बसून बातम्या बघायचा. डाव्या हातात चहाचा कप धरला की त्या हाताची शेवटची दोन बोटं सरळ उभी राहायची, कुणाला तरी थांब म्हणत असल्यासारखी. ती बोटं मिटत नसत. गुणवंत त्या बोटांकडे न बघता भावाशी बोलायला शिकला होता. माणसाच्या चेहऱ्यावर डाग असेल तर आपण डोळ्यांत बघतो, तसं. चार दिवसांत दोघं फार तर शंभर वाक्यं बोलत. पाऊसपाणी, गिरणीचा पट्टा, गुडघा. दादा गेल्यावर वर्षभराने गुणवंतने परीक्षितच्या क्लबची पाटी पाहिली आणि तो आत गेला. या वयात तलवार कशाला, असं सुनंदाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, व्यायाम. खरं कारण त्यालाही माहीत नव्हतं. एवढंच, की मूठ हातात आल्यावर त्याला रात्री झोप लागू लागली.

चहाच्या वेळी तो इल्दिकोजवळ गेला. ती जमिनीवर पाय पसरून बसली होती आणि कचोरीचा वास घेऊन बघत होती. त्याने इंग्रजीत विचारलं, जपून, फाईलवर टिपण लिहिताना शब्द निवडतो तसं, की ती टाच वाजवायची पद्धत तिला कोणी शिकवली? तिकडच्या कुठल्या जुन्या परंपरेत आहे का?

ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्ही मस्करी करताय," ती म्हणाली. "ती तुमचीच आहे."

"माझी?"

"सकाळी मी तुमच्या तीन लढती बघितल्या. खरा वार करायचा असला की तुम्ही आधी टाच वाजवता. दोनदा. मग खालून, डावीकडून. मी ज्यांच्याशी लढते त्यांचं काहीतरी चोरते आणि त्यांच्यावरच वापरून बघते. आरसा दाखवला की लोक गडबडतात." ती जराशी हसली, मग थांबली. "पण तुम्ही गडबडला नाहीत. तुम्ही भूत बघितल्यासारखे झालात. माफ करा."

परीक्षितने मोबाईल पुढे केला. "अरे काका, मी तर समजलो तुम्हाला माहिती आहे! तुमची ती... एडीला काय म्हणतात मराठीत?"

"टाच."

"हां, टाच. हे बघा."

पडद्यावर काळं जाकीट घातलेला, मुखवटा लावलेला एक माणूस उभा होता. जाळीमागे चेहरा नव्हता. खांदे थोडे पुढे झुकलेले. त्याने डावी टाच उचलली, वाजवली, वाजवली, आणि झेप घेतली. गुणवंतने ते परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. परीक्षित काहीतरी बोलत होता, की अशी खूण लढताना धोक्याची, समोरच्याला कळते. गुणवंतला ऐकू येत होतं ते इतकंच, की मोबाईलच्या बारीक भोंग्यातून टक टक. तो माणूस दादाच होता. खांदे दादाचे, झेप दादाची, पावलांमधलं अंतर दादाचं. फक्त दादा मेला होता, आणि त्या काळ्या जाकिटाच्या पाठीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं साबळे, जी.

परतताना कॅबमध्ये तो पाय आखडून बसला. दुपारचे चार वाजले होते आणि धुरकटात सूर्य कुठे आहे ते सांगता येत नव्हतं. एक्सप्रेसवेच्या दोन्ही बाजूंचे टॉवर वरच्या अर्ध्या भागात नव्हतेच. आपलं शरीर आपलं असतं अशी त्याची आजवर समजूत होती. मंत्रालयात पस्तीस वर्षं एका खुर्चीतून दुसऱ्या खुर्चीत बसलेलं, दाढदुखी आणि पित्त असलेलं, ओळखीचं शरीर. त्यात आणखी कुणी राहत असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. किती दिवसांपासून राहतोय? दादा गेल्यापासून? की त्याच्याही आधीपासून? विमान अगदी डोक्यावरून गेलं आणि धुरात दिसलं नाही. ड्रायव्हरने विचारलं, "सर, एसी बंद कर दूँ? आप काँप रहे हैं." एसी बंदच होता.

टाच वाजवायचा तो दादा. हे गुणवंतला आपल्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये त्यांचे वडील मारुतराव हवालदार होते. क्वार्टरच्या मागच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी ते दोघा मुलांना फरीगदगा शिकवायचे, कातड्याने मढवलेली काठी आणि छोटी ढाल. महेश एकोणीसचा, गुणवंत सोळाचा. महेश उंच, मोकळा, त्याचं अंग वाऱ्यासारखं फिरायचं. आणि खेळता खेळता मध्येच तो गुणवंतकडे बघून हसायचा, डाव्या टाचेने टक टक वाजवायचा आणि खालून, डावीकडून काठी घालायचा, बरगडीवर, फार न लागेल अशी. प्रत्येक वेळी हसायचा. ते हसू गुणवंतला अजून दिसत होतं. त्यातलं काहीतरी त्याला तेव्हाही कळत नव्हतं आणि म्हणून ते जास्त झोंबायचं.

आणि मग पलटणीचा गणपती. पंच्याऐंशी साल. पाचव्या दिवशी मंडपात मुलांचे मर्दानी खेळ होते. शेवटचा खेळ लिंबाचा. एकाने तळहातावर लिंबू ठेवून हात पुढे करायचा, दुसऱ्याने खऱ्या तलवारीने ते कापायचं. लिंबू दोन व्हायला हवं आणि हाताला ओरखडाही नको. दोघं महिनाभर हे करत होते, रोज पाच लिंबं, एकदाही चूक झाली नव्हती. त्या दिवशी दुपारी सुभेदारसाहेब क्वार्टरवर आले. वडिलांनी महेशच्या दंडावर थाप मारून सांगितलं, हा आपल्याच पलटणीत येतोय, दौड झाली, फक्त मेडिकल राहिलंय. मग साहेबांनी दाराशी उभ्या धाकट्याकडे बोट दाखवलं. वडील म्हणाले, "हा होय? हा कारकून होणार आमचा." सगळे हसले. महेशही हसला. संध्याकाळी मंडपाच्या फळ्यांवर महेश हात पुढे करून उभा राहिला, ढोल थांबला, गुणवंतने तलवार उचलली. त्यानंतर त्याच्या आठवणीत एक कोरी जागा होती. तिच्या अलीकडे उचललेली तलवार, पलीकडे फळ्यांवर पडलेलं लिंबू आणि लाल झालेला दादाचा हात. मधोमध फक्त एक आवाज होता. लाकडावर, टक टक.

त्या आवाजाला गुणवंत चाळीस वर्षं धरून होता. टाच दादाची. म्हणजे दादा हलला. म्हणजे दादा म्हणाला ते खरं होतं. कारण मंडपात सगळे धावले तेव्हा महेशने दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरून, ओठ पांढरे करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "माझाच हात हलला." वडिलांनी त्याच्या थोबाडीत मारली होती, त्याचा हात तसा रक्ताने भिजलेला असताना. लष्करी दवाखान्यात शिवण घातली, पण शेवटच्या दोन बोटांच्या शिरा जुळल्या नाहीत. मेडिकलमध्ये तो बाद झाला, वर्षभर घरात बसला, मग गावी गेला आणि त्याने गिरणी घातली. गुणवंत परीक्षा देत देत कारकून झाला, मग सेक्शन ऑफिसर, मग अवर सचिव. कधी कधी, दुपारी जेवण झाल्यावर, फाईल उघडी असताना त्याला वाटायचं की दादाने आपल्याला पाठीशी घातलं. मग तो आवाज आठवायचा. टाच दादाची. आणि तो पुन्हा फाईल वाचू लागायचा.

सुनंदाने दार उघडलं. ती भाजी निवडत होती. तो बूट न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला आणि त्याने विचारलं, "मी टाच वाजवतो का गं?"

"अहो, हे काय आता?"

"सांग ना. डावी टाच. दोनदा."

"हां मग," ती मेथीची काडी मोडत म्हणाली. "लग्नापासून बघतेय. लग्नापासून काय, लग्नातच. अंतरपाटाखालून नवरीला दुसरं काय दिसतं, तुमचे पायच दिसले. टाच वाजली टक टक, आणि लगेच तुम्ही माझ्या बाबांवर ओरडलात, मुहूर्त टळतोय म्हणून. भर मांडवात. बिचारे रडायचे राहिले."

"आणि नंतर?"

"नंतर काय. तुम्हाला कुणाला लागेल असं बोलायचं असलं ना, की आधी टाच वाजते. मला बरंच आहे. मी आधीच मन घट्ट करते." ती हसली. त्याचा चेहरा बघून तिचं हसू हळूहळू मावळलं. "काय झालं? बसा ना. पाणी देऊ?"

"एरवी नाही वाजत? उगीच?"

"नाही. उगीच नाही वाजत."

तो बाहेरच्या खोलीत जाऊन बसला. पाय बूटमोजे काढून थंड फरशीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. डावा पाय. नखं वाढलेली, टाचेला भेग. पाय निमूट होता. समोर टीव्ही बंद होता आणि त्याच्या काळ्या काचेत एक माणूस पुढे झुकून बसलेला दिसत होता. त्याचं तोंड दिसत नव्हतं. सुनंदाने दिवा लावला तेव्हा तो माणूस गेला. त्या संध्याकाळी जेवताना, अंघोळ करताना, लिफ्टमधून कचरा खाली नेताना त्याने पाऊल जपून टाकलं, झोपलेल्या कुणाला जाग येऊ नये म्हणून टाकतात तसं. शेजाऱ्यांच्या मुलाने दारासमोर सायकल आडवी लावली होती. त्याला चीड आली, आणि पायात, पोटरीच्या आत, काहीतरी वर उठायला लागलं. तो भिंतीला हात लावून उभा राहिला. ते पुन्हा खाली बसेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

रविवारी सकाळी तळघरात रबरी चटया अंथरल्या होत्या आणि मधोमध लाकडी खुंटा उभा केला होता. आज खऱ्या तलवारीने कापायचं. गवती चटया रात्रभर पाण्यात भिजवून, गुंडाळून, दोरीने बांधून ठेवल्या होत्या. परीक्षितने एक उचलून खुंट्यावर खोवली तेव्हा तिच्यातून पाणी निथळून रबरावर पसरलं. इल्दिकोचे गुरुजी, साठीचे, पांढऱ्या दाढीचे, फार कमी बोलणारे गृहस्थ, इंग्रजीत म्हणाले की अशी ओली सुरळी कापताना मांस कापल्याचा अंदाज येतो. हवामानाविषयी बोलावं तसं म्हणाले. मग त्यांनी दाखवलं. आवाज झालाच नाही. वरचा तुकडा क्षणभर जागेवर होता, आणि मग तिरका घसरून पडला. मुलामुलींनी टाळ्या वाजवल्या. "वार चटईवर संपवायचा नाही," ते म्हणाले. "चटई मध्ये आली आहे, एवढंच. थांबायचं नाही."

गुणवंतची पाळी आली. त्याने ठरवून ठेवलं होतं. डावी टाच त्याने रबरात रुतवली, पोटरी आवळली, आणि पाय खिळलेल्या माणसासारखा वार केला. तलवार सुरळीत अर्ध्यावर अडकली. सुरळी वाकली, खुंटा करकरला, पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. गुरुजींनी तलवार अलगद सोडवून दिली. "हात चांगला आहे," ते म्हणाले. "पण तुम्हाला कापायचंच नव्हतं."

"पुन्हा करा काका," परीक्षित म्हणाला. "टेन्शन नका घेऊ, यार. नॅचरल करा."

त्याने पाय सैल सोडला. एवढंच केलं. बाकी त्याने काही केलं नाही. तो कुणाला तरी वाट देऊन बाजूला झाला. पोटरीतून ते उठलं, टाच वाजली, रबरावर तिचा आवाज दबका आला, आणि तलवार सुरळीतून निघून गेली. हाताला काही लागलं नाही. कुठेही काही लागलं नाही. वरचा तुकडा घसरून पडला तेव्हा टाळ्या झाल्या, इल्दिकोने बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. गुणवंत कापलेल्या भागाकडे बघत होता, तिथे चटईच्या गोल गोल घड्या दिसत होत्या, ओल्या, स्वच्छ. हे सुख त्याच्या ओळखीचं होतं. हेच. याच्याच जागी ती कोरी जागा होती.

त्याने तलवार परीक्षितच्या हातात दिली, फोन घेतला आणि जिना चढून पार्किंगमध्ये आला. गाड्यांच्या टपांवर दव आणि धूळ मिळून राखाडी थर बसला होता. त्याने अलकावहिनीला फोन लावला. दिवाळीनंतर लावला नव्हता. मागे गिरणी चालू असल्याचा घरघराट येत होता. आता ती चालवत होती.

"भावजी? बरं हाय न्हवं समदं? सुनंदा बरी हाय?"

"सगळं बरं आहे वहिनी. एक विचारायचं होतं. वेडगळ वाटेल." तो थांबला. "दादा टाच वाजवायचा का? अशी, दोनदा?"

"टाच? न्हाई बा."

"आठवून बघा. चिडला की, किंवा काही करायच्या आधी?"

"तीस वर्सं संसार केला भावजी, मला ठावं असंल न्हवं? त्यांची न्हाई, टाच तुमची." गिरणीचा आवाज कमी झाला; तिने पट्टा सोडला असावा. "तुमची नक्कल करून दावायचे की पोरास्नी. आमचा गुण्या मारायच्या आदी टाच वाजवितो, टक टक, मंग मारतो, म्हनायचे. ल्हानपनी तुमच्यासंगं खेळताना तुमचीच टाच वाजवून तुमच्यावरच वार घालायचे म्हनं, आन लई हसायचे. तुम्हास्नी कळायचंच न्हाई."

"मला कधी बोलला नाही."

"बोलले असते तर तुम्ही सोडली असती. मंग तुम्ही कवा मारनार ते कळायचं कसं?" ती हसली. मग ती वेगळ्या आवाजात म्हणाली, "भावजी, तुम्ही त्या लिंबाचं इच्यारताय का?"

एक कुत्रं गाडीखालून निघून गुणवंतकडे बघून परत गाडीखाली गेलं.

"वाजली होती ना," तो म्हणाला. "त्या दिवशी."

"व्हय. लिंबाच्या टायमाला कधी वाजायची न्हाई म्हनं तुमची टाच. म्हैनाभर न्हाई वाजली. त्या दिसी वाजली." ती हे कुणाच्या तरी शेतातलं विहिरीचं पाणी किती आहे ते सांगावं तसं सांगत होती. तिच्यासाठी ती जुनी गोष्ट होती, घरातली, नवऱ्याने कधीतरी भाकरी खाता खाता सांगितलेली.

"मग त्याने हात का नाही काढला? त्याला ऐकू आलं होतं. वेळ होता त्याला."

"म्या बी त्येच इच्यारलं होतं एकदा."

"काय म्हणाला?"

"म्हनाले, मला वाटलं, थांबंल."

ती आणखीही काही बोलली. की त्यांच्या मनात काही नव्हतं भावजी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, पोरं होता तुम्ही, ते तर दर साली पोतं स्वतः भरायचे, गुण्याला जोंधळ्याचं पीठ तिकडं मिळत न्हाई म्हणून. या एकदा. सुनंदाला घेऊन या. तो हो म्हणाला, येतो म्हणाला. फोन ठेवल्यावर तो तिथेच उभा राहिला. त्याला वाटत होतं की आपल्याला रडू येईल, पण तसं काही झालं नाही. काल दुपारपासून आपल्या अंगात मेलेला भाऊ शिरला आहे असं वाटून तो घाबरला होता. तसं झालं असतं तर किती बरं झालं असतं. त्याच्या अंगात दुसरं कुणी नव्हतं. तो सगळा तोच होता, पहिल्यापासून, एकटाच.

"काका!" जिन्यातून परीक्षितचा आवाज आला. "तुमची एक चटई बाकी आहे. चलो ना, भिजवलेली आहे, वाया जाईल."

तो खाली गेला. कुणीतरी तलवार त्याच्या हातात दिली. सुरळी खुंट्यावर उभी होती, नवी, जड, तिच्या तळाशी पाणी साचत होतं. सगळे अर्धवर्तुळात उभे होते, दोघांतिघांनी मोबाईल वर धरले होते. गुणवंतने तलवार उचलली. ढोल थांबावा तसे सगळे गप्प झाले. त्याने आता पाय आवळला नाही, त्याला आवर घातला नाही. पोटरीतून ते उठलं. टाच वाजली. दोनदा. खांदा निघाला, कंबर फिरली, पातं खाली आलं, आणि सुरळीपासून चार बोटांवर थांबलं.

ते थांबवायला एवढी ताकद लागेल असं त्याला वाटलं नव्हतं. मनगटापासून मानेपर्यंत सगळं पेटलं होतं. पातं थरथरत होतं, आणि त्याला ते वर नेता येत नव्हतं आणि खालीही आणता येत नव्हतं. सुरळीतून पाण्याचा एक थेंब सुटला.

"काका, काय झालं? कट करा ना," परीक्षित हळूच म्हणाला.

"नाही," गुणवंत म्हणाला.

मोबाईल एकेक करून खाली आले. पांढऱ्या दाढीचे गुरुजी पुढे व्हायला निघाले, पण इल्दिकोने त्यांना हाताने अडवलं आणि ती स्वतः आली, बाजूने, त्याला दिसेल अशी. तिने मुठीवर, त्याच्या बोटांच्या वर, आपला हात ठेवला. ओढला नाही, फक्त ठेवला.

"सोडा," ती म्हणाली. "मी धरलंय."

पण बोटं मिटलेली होती, आणि ती उघडायला त्यांना बराच वेळ लागला.